बिनदातांचा पाहुणा

माझ्या आईने कवळी एकूण तीनदा घातली. एकदा दवाखान्यात, एकदा परत येताना रिक्षात आणि एकदा आरशासमोर. आरशातलं हसू बघून म्हणाली, "ही कोण बाई?" त्यानंतर कवळी फळीवरच्या वाटीत, पाण्यात, जाऊन बसली ती बसलीच.

ठीक आहे, म्हटलं, मऊ खा. तर तेही नाही. मऊ भात बाळांना आणि आजाऱ्यांना, असा तिचा दंडक. तलासरीकडच्या डोंगरातल्या गावात नागलीची भाकर खाऊन वाढलेली बाई. डहाणू रोडला माझ्या दोन खोल्यांत राहायला आली तरी ताठा तिथलाच. हिरड्यांनी चावताना कुणी बघू नये म्हणून ती माझं झाल्यावर, एकटीच, भिंतीकडे तोंड करून जेवायची. जेवायची म्हणजे अर्धं ताट परत. दोन महिन्यांत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी रागावले, विनवण्या केल्या, अबोलाही धरला. अबोला मला अर्धा दिवसच जमला. शाळेत विज्ञान शिकवते मी, अख्खा वर्ग एका नजरेत गप्प करते, पण हिच्यापुढे माझी डाळ शिजेना. आणि सरळ सांगायचं तर मला फार भीती वाटत होती.

त्याच सुमारास शाळेच्या प्रदर्शनासाठी मी मुंबईच्या एका कॉलेजातून प्राचीन माणसांच्या हाडांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती मागून आणल्या. एक घोट्याचं हाड आणि जबड्यासकट एक कवटी. शनिवारी सतरंजीवर मांडामांड केली आणि व्याख्यानाचा सराव आईवरच सुरू केला. ती उकिडवी बसून सुकट निवडत होती.

"हे कवटीचं भोक बघ. इथे मणका जोडलेला असतो. भोक खालच्या बाजूला आहे, म्हणजे हा दोन पायांवर चालायचा. चार पायांच्या जनावराचं मागे असतं."

"मग काय रांगत येनार व्हता?" सुकटीतून मान न काढता आई म्हणाली.

मी हार मानली नाही. घोट्याच्या हाडावरची गुळगुळीत खूण दाखवली. जन्मभर उकिडवं बसणाऱ्यांच्या हाडावर ती उमटते, खुर्चीवाल्यांच्या सहसा नाही. आता तिने वर पाहिलं. स्वतःचा घोटा चाचपला आणि समाधानाने म्हणाली, "म्हंजे माझ्या हाडावर समदं लिवलंय. तुझं हाड कोरंच ऱ्हायचं." मला ते थोडं लागलंच.

मग मी कवटी उचलली. "याला दात नाहीत. मेल्यावर पडले असते तर खळगे उघडे दिसले असते. पण हे बघ, खळगे भरून आलेत, हाड सपाट झालंय. म्हणजे दात गेल्यावरही हा म्हातारा काही वर्षं जगला. लाखो वर्षांपूर्वी!"

आईने पदराला हात पुसले. जबड्यावरून बोट फिरवलं.

मी आंघोळ करून बाहेर आले तर कवटी पाटावर विराजमान. पुढे ताट, ताटात गुरगुट्या भात, वर वरणाचं पाणी.

"आई, ते प्लास्टर आहे! कॉलेजला परत द्यायचंय!"

"गनपती कशाचा असतो?"

"...प्लास्टरचा."

"मग त्याला मोदक कशाला दावतेस? दारात आलेला म्हातारा हाय. त्याच्यापुढं भाकर ठेवू? दात हायेत त्याला?"

तेवढ्यात मला एक गोष्ट आठवली. आमच्या घरात पाहुण्याला एकट्याला जेवू घालत नाहीत. घरातल्या मोठ्याने सोबत बसायचं आणि पाहुण्याच्या ताटात जे, तेच आपल्या ताटात घ्यायचं. वेगळं घेतलं तर पाहुण्याचा अपमान. हे मला तिनेच लहानपणी चापट मारून शिकवलं होतं. मी मुकाट्याने दुसरा पाट मांडला आणि दुसऱ्या ताटात तोच भात वाढला.

तिने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कवटीकडे पाहिलं. आपण चांगल्याच अडकलो हे तिच्या ध्यानात आलं. "लबाड," ती पुटपुटली आणि बसली. पाहुणा समोर असल्यामुळे भिंतीकडे तोंड करायची सोय नव्हती. पहिला घास तिने माझ्यावर उपकार केल्यासारखा घेतला. दुसरा तसा नव्हता. तिसऱ्यापासून तिला भूक लागलेली मला दिसत होती, आणि मी उगाच सुकटीची पाटी आवरत बसले.

अर्ध्या ताटावर ती थांबली. "ह्याला कोन देत असंल गो मऊ करून?"

"ते हाडावरून कळत नाही, आई."

"न कळायला काय झालं? खळगं भरलं. म्हंजे कोनतरी व्हतं."

जाणकार लोक यावर अजून वाद घालतात, हे मी तिला सांगितलं नाही.

तिने ताट माझ्याकडे सरकवलं. "घट्ट झाला. तू कालव."

एवढ्या वर्षांत तिने मला स्वतःसाठी काही करायला सांगितलेलं आठवत नाही. मी वरणाचं पाणी ओतलं आणि भात कालवत राहिले, लागत होता त्यापेक्षा बराच वेळ.