न वाळणारा हिरवा

मशीनताईच्या तोंडी दिवसातून वीस वेळा एकच वाक्य असतं. "हात लावू नका!" गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, की मालक म्हणवणारा तिचा धाकटा भाऊ असो, ताज्या छापलेल्या कागदाकडे बोट गेलं की ती ओरडलीच. त्या आठवड्यात मात्र ती स्वतःच दर अर्ध्या तासाने थप्पीतल्या कागदावर अंगठा टेकवत होती, आणि दर वेळी अंगठा हिरवा होत होता.

"वाळलं?" भाऊ टेबलामागून विचारायचा.

"वाळेल."

"काल पण हेच म्हणालीस."

"काल पण तू हेच विचारलंस."

वडिलांनी धाकट्याला कॉलेजात घातलं आणि थोरलीला या छोट्या ऑफसेट मशीनपाशी उभं केलं, त्याला एकतीस वर्षं झाली. आता मशीनच्या बाजूचा तिचा डावा कान निम्माच ऐकतो. पण रोलर नीट फिरत नसेल, तर ते तिला शेजारच्या खोलीत चहा पिताना कळतं. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणते, "वेळ कुठे होता? बाबा रविवारचीपण कामं घ्यायचे."

काम होतं एका रोपवाटिकेच्या माहितीपुस्तकाचं. आतली पानं साध्या कागदावर केव्हाच छापून झाली होती. राहिली होती दोन हजार कव्हरं. चकचकीत गुळगुळीत कागद, आणि काठापासून काठापर्यंत गडद हिरवा. सोमवारी तिने सहाशे काढली. मंगळवारी सकाळी वरचा कागद उचलला तर खालच्याचा हिरवा वरच्याच्या पाठीला चिकटून आलेला. दुसरा उचलला, तेच. तिसरा, तेच.

भावाने डोक्याला हात लावला. आणि जे वर्षभर तो आडून आडून बोलत होता, ते सरळच बोलला. "ताई, बस झालं. शनिवारी अकराला जुनी मशिनं घेणारा येतोय. तोवर कव्हरं वाळलेली दिसली, तर मशीन राहील. नाहीतर देऊन टाकू आणि डिजिटल आणू. कळ दाबली की कोरडा कागद बाहेर."

"आणि मी?"

"तू खिडकीत बस ना. लॅमिनेशन करायचं. सावलीत, आरामात."

"ओळखपत्रांना प्लॅस्टिक चिकटवू? मी?"

"आराम म्हटलं मी, शिवी नाही दिली."

तिच्या कानाला ती शिवीच लागली. तिने तिथल्या तिथे शाईवाल्याला फोन केला. तो तासाभरात हजर झाला. पोरसवदा चेहरा, खिशाला चार पेनं, बोलणं फार नम्र.

"ही शाई आहे की लोणी?" ताईने डबा त्याच्या नाकाखाली धरला.

"ताई, याच लॉटचे बारा डबे गेलेत. कुणाची तक्रार नाही."

"मग बाकीच्या अकरा जणांनी अजून उघडला नसेल."

"पाणी बघितलंत का? पाण्यातलं औषध?"

ऑफसेटमध्ये शाईइतकंच पाणी लागतं. प्लेटचा कोरा भाग ओला राहिला, तरच शाई छापायच्या भागावर बसते. त्या पाण्यात थोडं आंबट औषध मिसळतात. ते मिसळणं म्हणजे ताईच्या लेखी श्वास घेण्यासारखं होतं. कुणी तुम्हाला विचारलं, श्वास नीट घेता ना, तर कसं वाटेल?

"तुझ्या जन्माच्या आधीपासून दोन झाकणं घालतेय मी. ना एक थेंब कमी, ना जास्त. माझं पाणी मला शिकवतोस?"

"मी नुसतं विचारलं."

"विचारून झालं ना? तो बघ दरवाजा."

तो गेला. कोपऱ्यात कागद मोजत बसलेली भावजय पुटपुटली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"काय?"

"काही नाही हो. बहात्तर, त्र्याहत्तर."

बुधवारी ताईने शाई लवकर वाळावी म्हणून तिच्यात सुकवणी घातली. चमचाभर. संध्याकाळी आणखी एक. पन्नास कागद काढून वेगवेगळे पसरले. खोलीभर हिरवं झालं. खुर्च्यांवर, खिडकीत, भावाच्या टेबलावर, त्याच्या डब्यावर. त्याला जेवायला जागा उरली नाही. मग खापर कागदावर फुटलं, मग हवेवर ("दमट आहे, दिसत नाही तुला?"), मग पंख्यावर, मग पंख्याचा वारा अडवणाऱ्या भावावर.

"मी वारा अडवतो?"

"एवढं पोट घेऊन तिथे उभं राहिल्यावर काय होणार?"

"ताई, मशीन म्हातारं झालंय. एवढं मान्य कर."

"मशीनला काही झालेलं नाही!"

"मग तुझं काही चुकतंय?"

"माझा हात एकतीस वर्षं चुकला नाही."

"शाई चांगली, तुझा हात चांगला. मग उरलं काय? मशीनच ना!"

ती आणखी मोठ्याने ओरडली, "हात लावू नकोस त्या कागदाला!"

गुरुवारी दुपारी भावजय एक कोरं कव्हर फडकवत आली. तिची तक्रार वेगळीच होती. "काल सकाळी तुम्हाला शाईचा डबा उघडून दिला ना, तेव्हा माझं बोट लागलं याला. रबराने जात नाही, ओल्या फडक्याने जात नाही. एवढा चांगला कागद वाया."

"जात नाही म्हणजे?"

"म्हणजे वाळलाय डाग. दगडासारखा."

ताईने तो कागद हिसकावला. जाड, बटबटीत, बोटाच्या रेघांसकट हिरवा डाग. अंगठा घासला. अंगठा कोरडा. मग कालच छापलेल्या, त्याहून कितीतरी पातळ थरावर घासला. हिरवा.

"तोच डबा?"

"तोच."

"कागदही याच रिमातला?"

"हो. फक्त माझं बोट मशीनमधून गेलेलं नाही," भावजय म्हणाली.

ती सहज बोलली होती. पण ताई स्टुलावर टेकली. म्हणजे भाऊ म्हणतो तेच खरं. शाई चांगली, कागद चांगला, हवासुद्धा चांगली. मशीनमधून गेलं की बिघडतं. तिने मशीनकडे बघितलं, घरातल्या आजारी माणसाकडे बघावं तसं. मग उठून एकेक भाग बोटाने दाखवत मोजू लागली. इथे शाई. इथे प्लेट. इथून रबर, रबरावरून कागद. डागाच्या वाट्याला काय आलं नाही? प्लेट? ती काय करणार! रबर? गेल्या महिन्यातलंच. मग तिचं बोट पाण्याच्या ट्रेवर थांबलं.

औषधाचा कॅन खाली होता. पूर्वी लिटरची बाटली यायची. महिन्यापूर्वी भावाने पाच लिटरचा कॅन आणला होता, "सारखं कोण आणत बसणार" म्हणून. औषध तेच, लेबल तेच. ताईने कॅनचं झाकण काढलं आणि ते तळहातावर तसंच राहिलं. मोरीतल्या रॉकेलच्या बाटलीला औषधाच्या जुन्या बाटलीचं छोटं झाकण बसवलेलं होतं, ते धुऊन आणलं. कॅनचं झाकण पाण्याने भरून ती छोट्यात ओतू लागली. एक भरलं. दोन भरली. तिसरं निम्मं.

"ताई, काय झालं?" भावजयीने विचारलं.

"दोनाच्या जागी पाच," ताई म्हणाली. "महिनाभर पाच घालतेय मी. साधा कागद शाई पिऊन टाकतो, म्हणून कळलं नाही. हा चकचकीत काही पीत नाही, याच्यावर शाईला स्वतःच वाळावं लागतं. आणि मी तिच्यावर आंबट ओततेय." मग ती स्वतःवरच खेकसली. "डोळे होते की बटणं!"

ट्रे रिकामा केला, रोलर धुतले, शाईही काढून नवी घातली, आणि औषध छोट्या झाकणाने दोन. चार वाजता दोनशे कव्हरं निघाली, छोट्या छोट्या थप्प्यांत. शुक्रवारी सकाळी तिने अंगठा टेकवला. कोरडा. दिवसभरात आणखी सहाशे काढली.

शनिवारी अकराला मशिनं घेणारा आला. जाडजूड माणूस, मशीनभोवती एक फेरी मारून त्याने एका बाजूला टिचकी मारली. ताईच्या कपाळावरची शीर उडाली. भाऊ मात्र थप्प्यांपाशी उभा राहून एकामागून एक कव्हर नखाने खरवडत होता.

"वाळलंय की! कसं काय?"

"हवा कोरडी झाली असेल," भावजय पटकन म्हणाली. नणंदेची बाजू तिने पहिल्यांदाच घेतली होती, आणि तीही नको तिथे.

"म्हणजे पुढच्या वेळी हवा दमट झाली की पुन्हा तेच," भाऊ म्हणाला. "नको ताई. मशीनचा भरवसा नाही राहिला."

तुला कॅन आणायला कुणी सांगितलं होतं, हे वाक्य ताईच्या जिभेवर आलं होतं. पण कॅन त्याने आणला असला, तरी झाकण तिने भरलं होतं. आणि "माझा हात चुकत नाही" या तिच्याच वाक्यामुळे सगळा दोष मशीनवर गेला होता.

"हवा नाही," ती म्हणाली. "मशीनही नाही. मी चुकले."

"काय?" भावाला ऐकू गेलं होतं, तरी त्याने विचारलं.

"औषध जास्त घातलं. झाकण बदललं, ते मी बघितलं नाही. महिनाभर. झालं समाधान?"

मशिनं घेणारा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. "म्हणजे मशीन चालू आहे ना?"

"उत्तम चालू आहे," ताई म्हणाली. "म्हणून तर द्यायचं नाही. मापाचा ग्लास आणेन. रोज मापून घालीन, लिहून ठेवीन, चष्मा लावीन. आणखी काय करू?"

"शाईवाल्याला फोन," भाऊ म्हणाला.

ताईचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. "करते."

"आज."

"आज म्हटलं ना! किती पिरपिर!"

भावाने त्या माणसाला हात जोडले आणि दारापर्यंत सोडून आला. परतला तेव्हा मशीन सुरू झालं होतं, बाराशे कव्हरं अजून बाकी होती. त्याने ताईच्या डाव्या, निम्मंच ऐकणाऱ्या कानाच्या बाजूला उभं राहून हळूच काहीतरी म्हटलं.

"काय म्हणालास?" ती ओरडली.

"काही नाही!" तो ओरडला.

"मग कागद दे इकडे!"