ताब्यात गेलेलं रान

कर्जतकडचं आमचं रान सरकारने रस्त्यासाठी संपादित केलं. ताबा घ्यायला साहेब आले, तर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना हुरडा खाऊ घातला. आमच्याकडे हुरड्याच्या दिवसांत रानात आलेला माणूस तसाच परत गेला, तर घरची बाई आठवडाभर बोलून दाखवते. आबांनी आगटी पेटवली, घोंगडी अंथरली. साहेबांनी कणसं चोळून काळे झालेले हात पुसले आणि पंचनामा लिहिला, की ताबा शांततेत मिळाला. आबांनी खाली सहीसुद्धा केली. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

साहेब गेले, रान जागच्या जागी राहिलं. पुढे काही वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही आणि आबा पेरत राहिले. आम्हा सगळ्यांनाच वाटलं, सरकार विसरलं.

यंदा ज्वारी काढणीला आली आणि जेसीबीही आला. मी तावातावाने वकिलांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "ताबा घेतला त्या दिवशीच जमीन सरकारची झाली. नंतर पेरली म्हणून ती परत तुमची होत नाही. मोबदल्यासाठी भांडता येईल, जमिनीसाठी नाही. कायद्याच्या लेखी वडील तिथे अतिक्रमणदार आहेत."

ज्या माणसाने जन्मात कुणाचा बांध कोरला नाही, त्याला हा शब्द! माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी सगळं बडबडलो. आबा ऐकत राहिले आणि न जेवता उठले.

सकाळी नवे साहेब आले. माणूस भला होता. उभं पीक काढून घ्या म्हणाले आणि जेसीबी थांबवला. भावकी गोळा झाली, आईने पदर खोचला. आबा मात्र बांधावरच उभे.

"आबा, चला की."

"दुसऱ्याच्या रानात आसं कसं शिरायचं?"

आई उसळली. "अवो, तुमीच पेरलंय न्हवं?"

"व्हय. न इचारता पेरलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला भयंकर वाईट वाटलं. मी हाताला धरून त्यांना आत नेणार होतो. त्यांनी हात सोडवून घेतला. माझ्याच वयाच्या त्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, रानात येऊ का?"