साहेबाच्या गाडीवर बसायचं नसतं

ढोरांचा डॉक्टर फटफटीवरून पडला, हे आसराबाईला कळलं तेव्हा ती लेकाच्या दुकानात भाकरीचं फडकं सोडत होती.

"नाल्याच्या चढावर उलटा आला म्हणे!" मोंढ्यातला हमाल पुंजाराम हातवारे करून सांगत होता. "गाडी वर अन् डॉक्टर खाली! मनगट मोडलं. बैलं तपासायची सोडून फटफटी कशाला हाकावी माणसानं?"

दुकानातले सगळे हसले. सांडूही हसला, पण त्याचं हसणं मधेच तुटलं. आईच्या ते ध्यानात आलं.

सांडू धनगराचा. बाप गेल्यावर आसराबाईनं मेंढरं विकली आणि पोराला घेऊन जालन्याला आली. जिनिंगच्या इंजिनाला तेल घालता घालता पोरगा मिस्तरी झाला. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यापासून हैदराबादेहून सुटे भाग येणं बंद झालं होतं. गावातल्या पाच-सात फटफट्या त्याच्याच हातावर चालत. लोक तिला ‘मिस्तरीची माय’ म्हणू लागले. ते ऐकायला मिळावं म्हणून ती जवळचा आड सोडून लांबच्या आडावर पाण्याला जाई.

गिऱ्हाईक पांगल्यावर सांडू हळूच म्हणाला, "माय, डॉक्टर न्हाई चुकला. म्या चुकलो."

डॉक्टर भुजंगरावांच्या गाडीला टाकीशेजारी गियरची मूठ होती. मूठ मागंपुढं केली की तिला जोडलेली सळई खालच्या पेटीतले गियर बदली. जुनी सळई झिजून तुटली, म्हणून सांडूनं नवी घडवली, टोकाला आटे पाडले, लांबी बराबर जुळवून नट आवळला. मग त्याला चेन सैल दिसली. पेटी जराशी मागं सरकवून त्यानं ती ताणली. पेटी सरकली की सळई पुन्हा जुळवावी लागते. तेवढं राहिलं. गाडी लोखंडी घोडीवर उभी होती, अधांतरी चाक हातानं फिरवलं तर सगळं ठीक वाटलं. चढावर भार आला तेव्हा अर्धवट बसलेला गियर सुटला.

"कोणाला ठावं हाय?" आसराबाईनं विचारलं.

"कोणालाच न्हाई."

"मंग बिलकुल तोंड उघडू नको. लई कष्टानं नाव झालंय."

"पण माय, त्याच्यासंगं बुळकांडीची लस व्हती. बाटल्या फुटल्या. हसनाबादची ढोरं..."

"जेव आधी," ती म्हणाली.

दुसरी लस यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात हसनाबादला सतरा ढोरं गेली. हा आकडा मोंढ्यात जो तो बोलून राह्यला होता. जनावरांवर जगलेल्या घरातली बाई ती. गोठ्यातलं रिकामं दावं कसं दिसतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. ती पुन्हा जवळच्याच आडावर जाऊ लागली. तिथंही कोणी ‘मिस्तरीची माय’ म्हणालं की घागर अर्धी भरून निघून येई.

नवव्या दिवशी बैलगाडीत फटफटी घालून डॉक्टर स्वतःच दुकानात आले. हात गळ्यात बांधलेला.

"सांडू, तुझी नवी सळई वाकवून आणली रे," ते ओशाळून म्हणाले. "माझाच हात कच्चा. मी सगळ्यांना सांगतोय, मिस्तरीला बोल लावू नका."

सांडूनं आईकडं पाहिलं. तो गप्प राहावा असं अजूनही तिला वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचीच तिला शरम वाटली. तिनं मान खाली घातली.

"साहेब, सळई तोकडी पडली," सांडू म्हणाला. "चेन ताणल्यावर म्या ती पुन्हा जुळवलीच न्हाई. गुन्हा माझा हाय."

डॉक्टर म्हणाले, "एकदा चढावर चालवून पाहिली असतीस तर कळलं नसतं?"

"कळलं असतं."

"मग? येत नाही चालवायला?"

"येती की. व्यापाऱ्यांच्या चालवून बघतो. पण तुमची सरकारी. साहेबाच्या गाडीवर कसं बसावं?"

आसराबाईला ते घोडं आठवलं. सांडू सहा वर्षांचा असताना महसूल बघणाऱ्या गिरदावराचं घोडं चावडीपुढं बांधलेलं होतं. पोरगं दगडावरून त्याच्या पाठीवर चढलं. तिनं त्याला खाली ओढून सगळ्यांदेखत मुस्काटलं, नाक घासायला लावलं. "साहेबाच्या जागी बसायचं नसतं!" गिरदावर हसून म्हणाला होता, "बाई समजदार आहे." त्या एका बोलाचा तिला कित्येक वर्षं अभिमान होता.

"साहेब, त्याला ते म्या शिकवलं," ती म्हणाली. "अन् हे आठ दिवस गप बस, हे बी म्याच सांगितलं."

"आणि सतरा ढोरांच्या मालकांना मी काय सांगू?" डॉक्टरांनी विचारलं.

सांडू वाकलेल्या सळईपाशी खाली बसला.

"गाडी नीट कर," ते शेवटी म्हणाले. "मला हसनाबादला जायचंय, पण या हातानं मूठ धरता येत नाही. तू चालव. मी मागं बसतो. तिथं जे सांगायचं ते तूच सांग."

सांडूनं सळई सरळ केली. या वेळी आधी चेन पाहिली, मग पेटी आवळली, मग गियर टाकून मूठ खाचेत धरली आणि सळई पेटीला जोडणारी खीळ जोर न लावता बसेपर्यंत आटे फिरवत राहिला. नट दोनदा आवळला.

डॉक्टर मागच्या जाळीवर बसले. सांडू पुढच्या सीटपाशी थबकला, त्यानं धोतर सावरलं आणि टांग टाकली.

आसराबाईचा हात आपोआप वर गेला; "उतर" हा शब्द ओठापर्यंत आला. तिनं तो हात घाईघाईनं पदराखाली घेतला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथंच दाबून धरला.