जमनाच्या पाठीतली उसण

घिवलीत कुणाच्या पाठीत उसण भरली की आजही लोक आधी जमनाचं दार गाठतात. का? तर ती पायाळू. आईच्या पोटातून जन्मताना ज्याचे पाय आधी आले, त्यानं पाठीवर नुसता पाय फिरवला की उसण जाते, अशी समजूत. जाते की नाही ते बाजूला ठेवा, जमनाचं लहानपण मात्र त्यात गेलं. जेवणावरून उठवा, झोपेतून उठवा, ओसरीवर कुणीतरी बाप्या पालथा पडलेलाच. "फिरव गं पोरी पाय!" पायाळूनं नाही म्हणायचं नसतं म्हणे.

लोक सोडत नाहीतच, तर नीट शिकून तरी घेऊ, म्हणून पुढे ती बोईसरला ॲक्युप्रेशर शिकली आणि तिथंच एका केंद्रात लागली. पॅकिंगच्या टेबलावर दिवसभर वाकणाऱ्या बाया, कॉम्प्युटरपुढं कासवासारखी मान काढून बसणारी पोरं, ड्रम ढकलून खांदे आखडलेले कामगार. अंगठ्यानं गाठ शोधायची, दाबून धरायची, माणसाचा श्वास मोकळा होईपर्यंत सोडायची नाही. हाताला गुण होता. पण घरी परतेपर्यंत अंगठे सुजून यायचे, आणि बघावं तर ओसरीवर आणखी कुणी पालथं! कंटाळली होती हो बिचारी. पीठ मळताना तिला परातीत माणसांच्या पाठी दिसायच्या.

म्हणूनच हेमाली जन्मली आणि तीही पायाळू निघाली, तेव्हा जमनानं सुईणीचे पाय धरले. "मावशी, कुणाला सांगू नको. हिला तरी पोटभर झोपू दे." सुईणीनं शब्द पाळला, आणि तशीच ती वारली. आता हे ठाऊक होतं जमनाला आणि तिच्या नवऱ्याला, पुंडलिकला. खुद्द हेमालीलाही नाही. पोरगी मोठी झाली, तारापूरकडच्या एका कंपनीत लॅबला लागली. सुट्टीच्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत झोपायची. जमना तिला उठवायची नाही, दाराशी उभी राहून नुसती बघायची.

अशाच एका रविवारी पाण्याचा हंडा उचलताना जमनाच्याच पाठीत उसण भरली. वाकली ती वाकलीच. पुंडलिकनं तिला चटईवर पालथी निजवली. आरडाओरडा ऐकून शेजारची भागी धावत आली आणि चटईला खेटून फतकल मारून बसली. भागी म्हणजे गावाचा भोंगा. तिला कळलं की दुपारपर्यंत बंदरावर कळलं.

"जमने, आता तुला कोण पाय लावील गं? अख्ख्या गावात तू एकटी पायाळू!"

पुंडलिकला बायकोचं कण्हणं ऐकवेना. "भागीवयनी, खरं सांगू का, आमच्याच घरात..."

"तुमी गप बसा!" जमना पालथ्या पालथ्या कडाडली. "घरात बाम हाय, तो आणा."

तो डोळे पुसत बाम शोधायला गेला. तेवढ्यात हेमाली गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला भागी; पाय ठेवायला जागा नाही. आईला ओलांडून पलीकडं जायला गेली, तोल गेला, आणि पाय पडला तो थेट आईच्या कमरेवर. कट्टकन आवाज झाला.

जमनाला तत्क्षणी कळलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पाठी सोडवलेली बाई, तिला नाही तर कुणाला कळणार? उसण सुटली होती. पायानं सुटली की धक्क्यानं, देव जाणे. पण इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की तिला रडूच फुटलं.

भागीनं मान पुढं काढली. "काय गं, सुटली का काय?" आणि तिची नजर हळूच हेमालीच्या पायाकडं वळली.

"सुटते कसली!" जमना जिवाच्या आकांतानं ओरडली. "मेले गं बाय! कार्टीनं कंबरडं मोडलं माझं! एवढी घोडी झाली, चालता येत नाय? परत कुणाच्या पाठीला पाय लावशील तर बघ. पायाला गुणच नाय तुझ्या!"

आई असं तोडून कधी बोलली नव्हती. हेमालीच्या हातातली पिशवी खाली पडली. "आये, चुकलं गं माझं," म्हणत ती तिथंच रडत बसली.

भागी चुकचुकत उठली, सगळ्या आळीला सांगायला गेली. जमना दिवसभर चटईवरून हलली नाही. उशाशी पोर मुसमुसत होती, आणि पाठ अगदी मोकळी झालेली जमना भिंतीकडं तोंड करून कण्हत राहिली.