प्रेसवरची पाचर

"तो कामगार स्वतःच्या हलगर्जीपणाने हात गमावून बसला, व्यवस्थापनाला काहीच ठाऊक नव्हते." जयपूरच्या त्या कारखान्याचे तत्कालीन मॅनेजर आजही चारचौघांत हेच सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. मी डोलावणार नाही. ऐंशीच्या दशकातल्या त्या प्रकरणाचा तपास पोलीस अधिकारी म्हणून मीच केला आहे.

पत्रा कापणारा प्रेस होता. दोन बटणे दोन्ही हातांनी एकदम दाबल्याखेरीज तो खाली येत नसे. हात पात्यापासून दूर राहावेत म्हणूनच ती सोय. एका बटणात लाकडी पाचर ठोकलेली होती. म्हणजे एक हात मोकळा आणि काम झपाट्याने. त्या कामगाराचा तोच मोकळा हात मनगटापासून गेला. मी तत्काळ प्रेस सील करून शिपाई बसवला.

सर्वांचा जबाब एकच: पाचर त्यानेच, त्याच सकाळी ठोकली. ते खरे ठरले असते तर तो नोकरीला आणि भरपाईला, दोन्हींना मुकला असता.

मग कारखान्याजवळच्या सोडाला वस्तीतल्या चहाच्या टपरीवर एक कामगार शेजारी येऊन पुटपुटला, "साहब, बाकी मशीनें भी देख लो." पाहिली. पाचर कुठेच नव्हती. मात्र प्रत्येक बटणापाशी पूजेचा लाल धागा तुटून लोंबत होता.

फोरमनला ठाण्यात बोलावले. रेल्वेतल्या मराठी घरातला, जयपुरातच वाढलेला.

"साहेबजी, तुम्ही तर आपलेच. मतलब, कारखाना आमची आई आहे. आईची बदनामी कोण करेल?"

"आईने लेकराचा हात खाल्ला. धागे कोणी बांधले?"

"मॅनेजरसाहेबांनी, गेल्या दिवाळीच्या पूजेत. स्वतः, एकेका मशीनला. दुसऱ्या कोणाला बांधूच देत नाहीत."

"आणि तोडले कोणी?"

"आम्हीच, साहेबजी. आईसाठी."

खुनाचे पंचनामे करताना न हाललेला मी तिथे सुन्न झालो. ही माणसे लबाड नव्हती. कारखान्याची लाज झाकणे म्हणजेच निष्ठा, असे त्यांना मनापासून वाटत होते. शेजाऱ्याचा हात राखणे हीदेखील निष्ठाच, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

पंचांसमक्ष सील तोडले. पाचर ओढली, निघेना. तेलाने काळवंडलेला अखंड धागा तिच्यावरूनच गुंडाळलेला होता. मॅनेजरांनी दिवाळीला स्वतः मारलेली ती गाठ कापावी लागली, तेव्हाच पाचर बाहेर आली.