थोडी सूज येणारच

पार्लरवाल्या ताईंसमोर गिऱ्हाईक कळवळलं, की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "अगं, थोडी सूज येणारच! नटायचं तर सोसायला नको?" जन्मभर लोकांच्या भुवया कोरल्या, पण कुणाचं म्हणून रडगाणं ऐकून घेतलं नाही.

मग स्वतःचेच गाल ओघळले. ताईंनी चेहऱ्याची कातडी ताणून घ्यायचं ऑपरेशन ठरवलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "हे काय भलतंच खूळ?" ताईंनी ऐकलं असतं तर त्या ताई कसल्या!

सकाळी ऑपरेशन छान झालं. दुपारी मात्र पट्टीखाली डावा गाल ठणकायला लागला. "एकाच बाजूला दुखलं तर लगेच बेल दाबा," असं नर्सने बजावलं होतं. बेल उशाशीच होती. पण कण्हायचं कुणासमोर? शेजारी खुर्चीत खूळ म्हणणारा बसलेला! नर्सने विचारलं तर म्हणाल्या, "छे, कुठे काय?" आणि डावा गाल भिंतीकडे केला.

गाल दगडासारखा झाला. ताईंना दरदरून घाम फुटला. नवरा वाकून बघतो तर डावा डोळा मिटत आलेला, ओठ काळानिळा.

"अगं, हे काय?"

"थोडी सूज येणारच."

"सूज गेली खड्ड्यात!" त्याने बेल दाबली ती सोडलीच नाही.

सर्जन धावत आले. पट्टी काढताच म्हणाले, "आत रक्त साचलंय. वरची कातडी मरेल. कात्री द्या." तिथेच, पलंगावरच, टाके कापले. रक्ताच्या गुठळ्या भदाभदा बाहेर आल्या. वर चढलेलं बीपी उतरवायला इंजेक्शन दिलं आणि ताईंना पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. वाहणारी शीर सापडली, ती बंद केली, उरलंसुरलं रक्त निघून जायला नळी ठेवली.

ताई शुद्धीवर आल्या तेव्हा सर्जन गालावर बोट दाबून बघत होते. बोट उचललं. गाल पांढराफटक. नवरा पुढे वाकला. मग हळूहळू गुलाबी रंग परत आला.

"वाचला गाल," सर्जन म्हणाले. "पण आम्ही नजर ठेवून राहणार."

ते गेल्यावर ताई पुटपुटल्या, "खूप दुखत होतं हो."

"मग सांगायचं ना!"

"तुम्ही हसला असता."

"हसलो असतो. आणि बेलही दाबली असती."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नळी तपासणारी नर्स ओरडली, "रडायचं नाही हं! टाके ओढले जातील." ताईंनी हुंदका गिळला आणि नवऱ्याचा हात घट्ट धरून ठेवला.