पाणी न पाजलेलं कापड

"ह्यो शर्ट हाय का पोलकं, मास्तर? सांगा की ह्या लोकायला. माझं माप घेऊन कोणाच्या बायकूचं पोलकं शिवलंय?"

माजलगावच्या बाजारात, सकाळी दहाच्या उन्हात, एक माणूस टेलरच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून असा ओरडत होता. अंगात बनियन, हातात पांढरा लिननचा शर्ट, आणि तो शर्ट झेंड्यासारखा फडकवत होता. शेजारचे दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर आले होते. समोरच्या हॉटेलात चहाचे कप ओठापर्यंत जाऊन थांबले होते. आत मशीनवर बसलेला म्हातारा पायडलवरचे पाय तसेच ठेवून बघत होता.

ओरडणारा मी होतो. आणि मला — ओरडतानाच, त्याच क्षणी — पक्कं ठाऊक होतं की म्हाताऱ्याची तिळाइतकीही चूक नाही.

एक माणूस सोडला तर हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, नारायणगडावर हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणारा माणूस ऐकणार नाही. माझं मोटार-पंपाच्या सामानाचं दुकान आहे. माणूस वायसर घ्यायला येतो आणि तासभर थापा ऐकून जातो. धरणात मी एकदा एवढा मासा धरला की त्याला बाहेर काढल्यावर पाणी दोन पायऱ्या खाली उतरलं — हे मी वीस वर्षं सांगतोय, आणि दर वर्षी एक पायरी वाढवतोय. लोक हसतात, मीही हसतो. पण थापा मारणाऱ्याची एक गोची असते. त्याची चांगली थाप लोक हसून सोडून देतात. वाईट थाप मात्र — ती जपून ठेवतात.

सांगतो. जरा फिरून येतो, पण येतो तिथंच.

मला कपड्यांचा नाद. हिवाळ्यात काय, कुणीही जाकीट चढवतो आणि राजा होतो. माणसाची खरी परीक्षा वैशाखात. आमच्याकडं ऊन असं की कावळा झाडावरून उडाला तर पलीकडच्या झाडावर भाजून पोचतो. त्या उकाड्यात माझे सोबती टेरिकॉटच्या शर्टात उकडून निघायचे, काखेखाली घामाचे नकाशे घेऊन हिंडायचे. मी नाही. माझं शास्त्र होतं. कापड सुती नाहीतर लिनन. रंग पांढरा, मोतिया, फार तर फिकट पिस्ता. बाह्या लांब, पण दोनच घड्या वर — तीन घड्या घातल्या की माणूस पाइप बसवायला निघाल्यासारखा दिसतो. पँट सैल, चप्पल तेल पाजलेली, कानामागं खसचं अत्तर. हिना थंडीत, उन्हाळ्यात खस. आणि हे सगळं दिवसा नाही. दिवसा दुकानात मी ग्रीसनं माखलेला. दिवस मावळला की अंघोळ करायची, आणि मग बाहेर पडायचं — धरणाच्या रस्त्यावरचा ढाबा, कुणाच्या लग्नाचं लॉन, कुठं ऑर्केस्ट्रा. मी आलो की वारं सुटतं, असं मीच सांगत असे. दोन-चार जण मानतही असत.

आणि हा सगळा थाट शिवायचा कोण? मन्मथअप्पा. गाव त्यांना मास्तर म्हणायचं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि त्यावरून मापाची टेप. बोलणं एवढं कमी की वाटावं, शब्दसुद्धा मीटरवर विकत आणावे लागतात.

त्यांचे दोन नेम होते. एक — कापड हातात आलं की पहिला प्रश्न: "पाणी पाजलं का?" म्हणजे कोरं कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून आणलं का. सुती आणि लिननचं कापड जे आटायचं ते कापायच्या आधी आटलं पाहिजे; अंगावर आटलं तर टेलर काय करणार? नाही म्हणलं की कापड परत हातात. दुसरा नेम — उरलेला तुकडा न् तुकडा, अगदी बोटाएवढी कतरण, त्याच कापडाच्या चिंधीत बांधून तयार कपड्याबरोबर द्यायची. एवढीशी पुरचुंडी. टेलर म्हणलं की कापड मारणारच, असं जग धरून चालतं. मास्तरांची सगळी इज्जत त्या पुरचुंडीत होती. लोक हसायचे, पण माप द्यायला तिथंच यायचे.

मी हैदराबादहून लिनन आणलं होतं. असं कापड की हात लावला तर बोटं थंड व्हावीत. त्याला एक चमक होती, एक कडकपणा — कोऱ्या कापडाचा असतो तो. आणि मला वाटलं, हे भिजवलं तर ही कळा जाणार. घरात पाणी नव्हतं म्हणून? भरपूर होतं. विसरलो? छे. बादली भरली होती. कापड हातात घेऊन मी तिच्यासमोर उभा राहिलो होतो, आणि परत घडी घातली.

मास्तरांनी विचारलं, "पाणी पाजलं का?"

मी म्हणलो, "पाजलं का म्हणता? रातभर अख्खं धरण पाजलं. सकाळी सांडव्यावरून माणसं आली बोंबलत, पाणी कुठं गेलं म्हणून."

दुकानात बसलेले हसले. मास्तरांनी कापडाचं टोक अंगठा आणि बोटाच्या मधे धरलं, जरासं चोळलं. माझ्याकडं बघितलं. मग टेप घेतली आणि माझी छाती मोजायला लागले.

शर्ट काय झाला होता म्हणून सांगू. पहिल्या संध्याकाळी घालून निघालो तर रस्त्यातले दिवे माझ्याकडं वळून बघत होते. आठ दिवसांनी दोस्ताच्या भावाचं रिसेप्शन होतं. त्याच्यासाठी तोच शर्ट राखायचा म्हणून परटाकडं टाकला. धुऊन, कडक इस्त्री होऊन आला. मी घडी न मोडता थेट लॉनवर नेला, तिथं एका खोलीत बदलला, आरशातही धड बघितलं नाही. बाह्या जरा वर वाटल्या — म्हणलं, घड्याच घालायच्यात. छाती जरा आवळली — म्हणलं, वजन वाढलं.

मग बँड सुरू झाला आणि मी नाचायला हात वर केले.

शर्ट पण वर गेला. बेंबीच्या वर. शे-दोनशे माणसं, हॅलोजनचा उजेड, आणि मधोमध माझं पोट. आधी कुणीतरी शिट्टी मारली. मग एक जण ओरडला, "पोलकं घातलंय बे ह्यानं." बायकांच्या बाजूनं हसण्याची लाट आली. ज्या माणसाला बघून गावानं कपडे शिवायचे, तो माणूस मी — कळतंय का? मी हात खाली घेतले. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते, कारण माझ्याकडं उत्तर असतंच. आणि ते आलं. विचार न करता आलं. ढेकर यावा तसं.

म्हणलो, "म्या काय करू? मास्तरनं कापड मारलं. त्यांच्या शेळीला झूल शिवली त्यातनं. जाऊन बघा, शेळी लिनन घालून बसलीय."

हसणारे होते तेच, आता हसू दुसरीकडं वळलं होतं. मी सुटलो.

तिथंच थांबलो असतो तर? पण थाप बांधकामासारखी असते, पाया खरा वाटायला पाहिजे. सकाळी कुणी विचारलं की मास्तरला जाब का नाही विचारला, तर? म्हणून मी त्या पायरीवर गेलो. बनियनवर गेलो, कारण तसं जास्त खरं दिसतं. हे मी घरातून ठरवून निघालो होतो. पुन्हा सांगतो — ठरवून निघालो होतो.

मास्तर उठले, माझ्या हातातून शर्ट घेतला. उलटा केला, शिवण बघितली. मग हळूच विचारलं, "पाणी पाजलं होतं ना?"

सगळ्यांदेखत मी म्हणलो, "रातभर."

मागून कुणीतरी विचारलं, "कतरण दिलती का मास्तरनं?" आता लक्ष द्या. पुरचुंडी दिली होती. नेहमीसारखी. माझ्या कपाटात, खसच्या बाटलीशेजारी पडली होती. तिच्यात एकही तुकडा जास्त नव्हता, एकही कमी नव्हता, आणि सगळे अजून कोरे होते — कडक, चमकणारे, पाण्याचा थेंब न बघितलेले. माझी थाप उघडी पाडायला दुसरं काही लागलंच नसतं. मी म्हणलो, "कतरण? कतरण तर शेळीनं खाल्ली."

गल्ली हसली. मास्तरांनी शर्टाची घडी घातली, माझ्या हातात दिली. "दुसरं कापड आणा. शिवून देतो," एवढंच म्हणाले, आणि मशीनवर जाऊन बसले.

मी दुसरं कापड नेलं नाही. मी काय नेलं? गोष्ट नेली. ढाब्यावर, दुकानात, प्रत्येक मांडवात. आधी शेळीला झूल होती. मग झुलीला कॉलर आली. मग शेळी बाह्या दुमडून बाजारात जायला लागली — दोनच घड्या. काय हसायचे लोक. माझी सगळ्यांत नामी गोष्ट होती ती, माशाच्याही वरची. हळूहळू दुकानावरून जाणारी माणसं — चांगली बाप्ये माणसं — पायरीपाशी आली की नुसता आवाज काढायची. "म्यॅ." एवढंच, आणि पुढं जायची. आत मशीन क्षणभर थांबायचं. पुन्हा सुरू व्हायचं.

मास्तरांच्या घरी खरंच एक शेळी होती. चहापुरतं दूध द्यायची. त्यांनी ती विकली. त्यानं काय होणार होतं? लोक म्हणाले, बघा, पुरावा विकला. मीच म्हणलो होतो ते. पहिल्यांदा मीच.

नवी गिऱ्हाइकं आटली. जुनी यायची, पण माप देताना कापडावर नजर ठेवून उभी राहायची, कापून होईपर्यंत. तीस वर्षं चिंधीसुद्धा परत देणारा माणूस, त्याच्या कात्रीवर पहारा. ते कसं सोसलं असेल? मला माहीत नाही. मी त्या गल्लीतून जायचं सोडलं होतं. दोनेक वर्षांत दुकानाला कुलूप लागलं. मास्तर लेकीकडं धारूरला गेले म्हणून कळलं. ढाब्यावर कुणीतरी म्हणालं, आता शेळीची गोष्ट सांगायला मजा नाही. मी मात्र सांगितली. त्या दिवशीही सांगितली.

बारा वर्षं झाली त्याला. मी अजून पांढरं घालतो, पण तयार घेतो. माप द्यायला कुणापुढं उभा राहत नाही. टेपचं टोक छातीला लागेल या कल्पनेनंच अंग आकसतं. अंघोळीची बादली भरली की मी क्षणभर तिच्यासमोर उभा राहतो, रिकाम्या हातानं. रस्त्यात शेळी ओरडली की मान आत जाते. एकदा बायकोनं विचारलं, शेळ्यांना भिता का काय तुमी? मी तिला एक थाप सांगितली. ती हसली.

पुरचुंडी मी टाकली नाही. का टाकली नाही ते विचारू नका. दर उन्हाळ्यात कपाट आवरताना हाताला लागते. पिवळी पडलीय, खसचा वास लागलाय. पण गाठ तीच, मास्तरांनी मारलेली.

यंदा ती खिशात घालून मी धारूरला गेलो. किल्ल्याच्या अंगाला लेकीचं घर. मास्तर दारात खुर्चीवर बसले होते, कपाळावर पट्टे तसेच. डोळ्यांना आता कमी दिसतं. मी नाव सांगितलं. "या, बसा," म्हणाले. लेकीला चहा ठेवायला सांगितलं. रस्त्यानं येताना मी काय काय रचलं होतं, कशी सुरुवात करायची, कुठं थांबायचं. ते सगळं सोडून दिलं. मी पुरचुंडी त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी चाचपली. गाठ ओळखली असावी. सोडायला क्षणही लागला नाही. एक तुकडा अंगठा आणि बोटाच्या मधे धरून चोळला, अगदी त्या दिवशीसारखा.

मी म्हणलो, "मास्तर, ह्या कापडाला म्या पाणी पाजलंच नव्हतं."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "हात लावला तवाच कळलं होतं."

"मग शिवलं कावून?"

त्यांनी तुकडा आत ठेवला, गाठ पुन्हा मारली, आणि पुरचुंडी माझ्या हातात दिली.

"तुमी म्हणलाव ना, पाजलंय म्हणून."